शनिवार तेल्यांची मशीद

मुंबईच्या मध्य रेल्वेवर, सीएसएमटीच्या अगदी पुढचे स्टेशन म्हणजे मस्जिद. रोज हजारो माणसे तिथे चढतात-उतरतात. या नावामागे मुसलमानांची एखादी मशीद असणार, असेच बहुतेकांना वाटते. मलाही कित्येक वर्षे तसेच वाटत होते. पण तिथून जवळच, मांडवी भागातल्या सॅम्युएल स्ट्रीटला लागून ज्यू लोकांचे एक प्रार्थनागृह आहे. त्याचे हिब्रू नाव 'शाआर हारहामीम', म्हणजे दयेचे द्वार. लोकांच्या तोंडी मात्र ते 'जुनी मशीद' म्हणूनच राहिले, आणि स्टेशनचे नाव त्यावरूनच पडले असे सांगितले जाते.

ज्यूंच्या प्रार्थनागृहाला मशीद का म्हणायचे? कारण ते बांधणाऱ्या माणसांची भाषा मराठी होती आणि त्या काळच्या मराठीत 'सिनेगॉग' हा शब्दच नव्हता. देवळात मूर्ती असते, यांच्याकडे मूर्ती नाही. मग मूर्ती नसलेल्या देवघराला जो शब्द गावात रुळलेला होता, तोच त्यांनी उचलला. हे लोक म्हणजे आपल्या कोकणातले बेने इस्राएल, इस्राएलची लेकरे. आज मी त्यांच्याविषयी आणि त्यांच्या मशिदींविषयी बोलणार आहे.

या भाषणाच्या निमित्ताने मी अलिबागच्या इस्राएल आळीत पुन्हा एकदा जाऊन आलो. तिथे 'मागेन आबोथ' हे सिनेगॉग आहे. ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर उभे राहिले आणि १९१० मध्ये नव्याने बांधले गेले. आत मधोमध कठडा असलेला उंच चौथरा आहे, त्याला 'तेवा' म्हणतात. त्यावर उभे राहून 'हज्जान', म्हणजे प्रार्थना चालवणारा, हिब्रू प्रार्थना म्हणतो. समोर पडद्याआड एक कपाट असते, ते 'हेखाल'. त्यात चामड्याच्या पट्टीवर हाताने लिहिलेली धर्मशास्त्राची गुंडाळी, 'सेफेर तोरा', ठेवलेली असते. भारतातून जेरुसलेम पश्चिमेला येते, म्हणून प्रार्थनेच्या वेळी तोंड पश्चिमेला. दोन्ही बाजूंना बाके. मी गेलो तेव्हा ती रिकामी होती.

ज्यू धर्मात एक नियम आहे. एकट्याने प्रार्थना कुठेही करता येते. पण सामुदायिक प्रार्थना पूर्णपणे करायची, सेफेर तोरा बाहेर काढून वाचायची, तर किमान दहा प्रौढ पुरुष हजर लागतात. या दहांच्या जमावाला 'मिन्यान' म्हणतात. ज्या गावांत एकेकाळी बसायला जागा मिळत नसे, तिथे आता दहा माणसे जमवताना शेजारच्या गावांतून, कधी मुंबईहून कुणाला तरी बोलवावे लागते. काही ठिकाणी तेही जमत नाही. दार उघडते, दिवा लागतो, साफसफाई होते, पण प्रार्थना होत नाही. हे असे का झाले, कुणी केले, हा प्रश्न त्या रिकाम्या बाकांपाशी मनात येतोच.

त्याचे उत्तर शोधायला बरेच मागे जावे लागेल.

बेने इस्राएलांची परंपरा सांगते की, त्यांचे पूर्वज फार प्राचीन काळी स्वदेशातला छळ चुकवण्यासाठी गलबतातून निघाले. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर ते गलबत फुटले. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेली प्रेते त्यांनी तिथेच पुरली. नवगावला ती जागा आजही दाखवतात. तिथे स्मारकही आहे. ही दंतकथा आहे, तिला कागदाचा आधार नाही. पण एवढे खरे की ही माणसे शतकानुशतके कोकणात राहिली आणि पूर्णपणे कोकणी झाली. त्यांनी मराठी घेतली, नऊवारी घेतली, गावावरून आडनावे घेतली. किहीमचे किहीमकर, झिराडचे झिराडकर, चेऊलचे चेऊलकर, पेणचे पेणकर, नवगावचे नवगावकर. अशी शंभराहून जास्त आडनावे आहेत. नावेही बदलली. अब्राहमचा अबाजी झाला, सॅम्युएलचा समाजी, इझॅकचा इसाजी.

धंदा बहुतेकांचा तेलाच्या घाण्याचा. गावात दुसरेही तेली होते. पण हे तेली शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना नाव दिले 'शनिवार तेली'. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस, शब्बाथ. गावाला हिब्रू धर्मशास्त्राशी काही देणेघेणे नव्हते, पण या लोकांचे वेगळेपण त्याने अचूक टिपले होते.

त्यांच्याविषयीच्या जुन्या लेखी नोंदी अठराव्या शतकातल्या आहेत. १७३८ मध्ये एका डॅनिश मिशनऱ्याने त्यांचा उल्लेख केला. १७६८ मध्ये कोचीनचे ज्यू व्यापारी एझेकिएल रहाबी यांनी ॲमस्टरडॅमला पाठवलेल्या पत्रात लिहिले की, मराठ्यांच्या मुलखात असे लोक आहेत, ते तेल काढतात, काही शिपाईगिरी करतात, शब्बाथ पाळतात आणि प्रार्थना म्हणून त्यांना फक्त 'शेमा' येते. शेमा म्हणजे देव एकच आहे अशी ग्वाही देणारी ज्यूंची मूळ प्रार्थना.

जरा विचार करा. या लोकांकडे धर्मग्रंथ नव्हता. हिब्रू येत नव्हते. धर्मगुरू नव्हता. आणि मशीदही नव्हती. तरी ते ज्यू राहिले. कसे? मला वाटते, त्यांचा धर्म घरात राहिला म्हणून. मुलाची आठव्या दिवशी सुंता करायची. खवले आणि पर असलेलीच मासळी खायची. मांस आणि दूध एकत्र शिजवायचे नाही. कोकणात हे सोपेच होते, मटणाच्या रश्शाला नारळाचे दूध घातले की झाले. शुक्रवारच्या सांजेला द्राक्षाच्या मद्याऐवजी काळ्या मनुकांचे सरबत करायचे. आणि सण पाळायचे.

या सणांची नावे ऐकण्यासारखी आहेत. ज्यूंचे नववर्ष म्हणजे 'नव्याचा सण'. प्रायश्चित्ताचा मोठा उपास म्हणजे 'दार फाळणीचा सण'. त्या दिवशी दारे लावून घेऊन माणसे घरातच राहत. एक होता 'खिरीचा सण'. आणि एक 'बिरड्याचा सण'. जेरुसलेमच्या मंदिराचा विध्वंस झाला, त्याच्या शोकाचा जो दिवस जगभरचे ज्यू पाळतात, त्या दिवशी आमच्या कोकणात केळीच्या पानावर वालाचे बिरडे वाढले जाई. कुणाचे मंदिर, कुठे पडले, हे कदाचित घरातल्या बाईला नीट सांगता आले नसते. पण त्या दिवशी बिरडे करायचे, एवढे तिने सासूकडून घेतले आणि सुनेला दिले. हनुक्का हा सण मात्र त्यांना ठाऊकच नव्हता. तो सुरू होण्याआधीच आमचे पूर्वज निघाले असावेत, असा त्याचा अर्थ समाजातले जुने लोक लावत.

थोडक्यात, कित्येक पिढ्या हा समाज मशिदीवाचून टिकला. हा मुद्दा लक्षात ठेवा, मी त्याकडे परत येणार आहे.

पहिली मशीद झाली १७९६ मध्ये, तीही मुंबईत. ती बांधणारे समाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल एझेकिएल दिवेकर, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारी होते. म्हैसूरच्या लढाईत ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. कैद्यांना मारायचे ठरले तेव्हा त्यांना जात विचारली गेली. त्यांनी 'बेने इस्राएल' सांगितले. टिपूच्या आईने मध्यस्थी केली आणि ते वाचले, अशी कथा समाजात सांगतात. जिवंत परतलो तर देवाचे घर बांधीन असा नवस त्यांनी केला होता. तो फेडला ती ही जुनी मशीद. आजची इमारत नंतरची, पण संस्था तीच. दिवेकर पुढे सेफेर तोरा आणण्यासाठी कोचीनला गेले आणि तिथेच १७९७ मध्ये वारले.

त्यानंतर कोचीनचे ज्यू शिक्षक कोकण-मुंबईत येऊ लागले. त्यांतले शेलोमो सालेम शुर्राबी यांचे नाव बेने इस्राएल कृतज्ञतेने घेतात. त्यांनी लोकांना हिब्रू प्रार्थना आणि रीतिरिवाज शिकवले आणि गावोगाव प्रार्थनागृहे बांधायची ओढ लावली. १८४२ मध्ये रेवदंड्याला 'बेथ एल' झाले, मग अलिबाग, १८४९ मध्ये पनवेल, १८६३ मध्ये पेण. पुढे १८७९ मध्ये ठाण्याला, १९२१ मध्ये पुण्याच्या रास्ता पेठेत. पुण्यातले लाल देऊळ मात्र यांचे नव्हे. ते १८६७ मधले 'ओहेल डेव्हिड', बगदादहून आलेल्या ससून घराण्याने बांधलेले. हे बगदादी ज्यू अरबी बोलत, पुढे इंग्रजी. बेने इस्राएलांपासून ते बरेच अंतर राखून असत.

प्रत्येक मशिदीचा कारभार गावच्या पद्धतीने चाले. प्रमुखाला म्हणत मुकादम, हिशेब पाहणारा गबाई, देखरेख करणारा समाश. सगळेच गुण्यागोविंदाने होते असेही नाही. समाजात 'गोरे' आणि 'काळे' असे दोन तट होते. बाहेरच्या बाईशी झालेल्या संबंधांतून आलेल्या कुटुंबांना काळे ठरवून त्यांच्याशी बेटीव्यवहार करत नसत. आपल्या गावगाड्यातून यांनी मराठी उचलली, तशी ही वाईट खोडही उचलली.

एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी त्यांच्यासाठी शाळा काढल्या. जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले, ते १८३२ मध्ये छापले गेले. मिशनऱ्यांची इच्छा त्यांना ख्रिस्ती करण्याची होती. झाले उलटेच. हातात आलेल्या बायबलाच्या मराठी जुन्या करारात बेने इस्राएलांना आपलीच हरवलेली गोष्ट वाचायला मिळाली आणि ते अधिक पक्के ज्यू झाले. जोसेफ एझेकिएल राजपुरकर यांनी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत इस्राएली शाळा सुरू केली आणि समाजाचा इतिहास लिहून ठेवला. वल्हांडण सणाला वाचायची 'हग्गादा' पोथी १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली. तिच्या चित्रात सणाच्या बिनखमिराच्या भाकरी करणाऱ्या बायका चक्क नऊवारी नेसलेल्या आहेत. एवढेच काय, कीर्तनकाराच्या थाटात उभे राहून, टाळ-पेटीच्या साथीवर अब्राहमाचे, योसेफाचे, मोशेचे आख्यान लावणारे बेने इस्राएल कीर्तनकारही झाले.

असा हा भरभराटीचा काळ. पण नीट पाहिले तर मशिदी रिकाम्या होण्याची सुरुवातही याच काळात झालेली दिसते.

हे लोक आधी फौजेत गेले, मग रेल्वेत, टपालात, कस्टम्समध्ये, गिरण्यांत, दवाखान्यांत आणि शाळांत. शिक्षण त्यांनी लवकर घेतले, मुलींनाही दिले. नोकरी मुंबईत, म्हणून बिऱ्हाड मुंबईत. भायखळा, जेकब सर्कल, उमरखाडी भागांत वस्त्या झाल्या, तिथे नवी प्रार्थनागृहे झाली. मुंबईला १९३७ मध्ये डॉ. एलिजा मोझेस राजपुरकर हे बेने इस्राएल महापौर लाभले, वरळीचा डॉ. ई. मोझेस रोड त्यांच्याच नावाचा. 'बूट पॉलिश'मधले जॉनचाचा आठवतात? ते डेव्हिड, म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. इंग्रजी कवी निस्सीम एझेकिएल याच समाजातले. ही सगळी मोठी झाली ती मुंबईत. चेऊल, राजपुरी, किहीम फक्त आडनावात राहिले. कोकणातल्या मशिदी सणासुदीला भरायच्या, एरवी गावात राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या स्वाधीन. कोकणातल्या कुठल्याही गावाची ही कथा आहे. चाकरमान्यांच्या बंद घरांची कुलुपे आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत.

दुसरी लाट आली १९४८ नंतर. इस्राएल राष्ट्र स्थापन झाले. १९५१ च्या जनगणनेत भारतात सव्वीस हजारांच्या आसपास ज्यू होते आणि त्यांतले बहुसंख्य बेने इस्राएल. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत त्यांतले बहुतेक गेले. २०११ च्या जनगणनेपर्यंत हा आकडा पाच हजारांच्या आत आला होता.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. जगातल्या कितीतरी शहरांत रिकामी सिनेगॉगे आहेत. ती का रिकामी आहेत हे विचारायला धीर लागतो, कारण उत्तर बहुधा कत्तलीत किंवा हद्दपारीत असते. कोकणातल्या मशिदींना कुणी आग लावली नाही, यांच्या लोकांना कुणी हाकलले नाही. ते आपणहून गेले. कुणाला हजारो वर्षे प्रार्थनेत घेतलेल्या जेरुसलेमची ओढ होती. कुणाला इंग्रज गेल्यावर नोकऱ्यांचे कसे होईल ही काळजी होती. आणि मग भाऊ गेला म्हणून भाऊ, मुलगी गेली म्हणून आईबाप. जाताना बोटीवर रडली ती माणसे कोकण सोडताना रडली.

तिकडे स्वागत सरळ झाले नाही. १९६२ च्या सुमारास इस्राएलच्या प्रमुख धर्माधिकाऱ्यांनी आदेश काढला की, बेने इस्राएलांपैकी कुणाचे इतर ज्यूंशी लग्न ठरले तर त्याच्या आई-आजीपासून मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. हे लोक इतकी शतके धर्मपंडितांपासून दूर राहिले, यांचे विवाह-घटस्फोट नियमाप्रमाणे झाले असतील कशावरून, अशी शंका. ज्यांच्या आज्यांनी ग्रंथ नसताना शनिवार पाळला, त्याच आज्यांच्या ज्यू असण्याचा पुरावा मागितला गेला. १९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्राएल जेरुसलेममध्ये धरणे धरून बसले. त्या ऑगस्टमध्ये इस्राएलच्या संसदेने ठराव केला की हे सर्व बाबतीत पूर्ण ज्यू आहेत, आणि धर्माधिकाऱ्यांना आदेश बदलावा लागला. गावकऱ्यांनी 'शनिवार तेली' म्हणून जे केव्हाच ओळखले होते, ते पंडितांना पटायला संसदेचा ठराव लागला.

आज डिमोना, अश्दोद, लोद, बीरशेबा या इस्राएली शहरांत बेने इस्राएलांची मोठी वस्ती आहे, भारतातल्यापेक्षा कित्येक पटींनी मोठी. तिथून 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक निघू लागले. तिथे मलिदा होतो. मलिदा म्हणजे गोड पोहे, ओले खोबरे, सुकामेवा आणि फळे यांचा प्रेषित एलियाहू यांच्या नावाने केलेला प्रसाद. लग्न ठरले, नवस फेडला, घर घेतले की बेने इस्राएलांच्या घरी मलिदा व्हायचाच. अलिबागजवळ सागावला एका खडकावर एलियाहूंच्या रथाच्या आणि घोड्याच्या खुणा उमटल्या आहेत असे मानतात. तिथे इस्राएलहून माणसे येतात. आजोबांचे गाव शोधतात, खडकापाशी मलिदा करतात, इस्राएल आळीत डोकावतात. त्या दिवशी कधीकधी दहा माणसे भरतातही.

महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. चांगली गोष्ट झाली. दरम्यान, नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला, त्यात नरिमन हाऊसमधल्या ज्यूंना वेचून मारण्यात आले. ती संस्था बेने इस्राएलांची नव्हे, पण तेव्हापासून मुंबईतल्या सिनेगॉगांच्या दारात पोलीस दिसू लागले. ज्या समाजाला इथल्या शेजाऱ्यांपासून कधी भय नव्हते, त्याच्या दारात पहारा बसावा, याचे मला फार वाईट वाटते.

आता मघाच्या मुद्द्याकडे येतो. मशीद नव्हती तेव्हा हा समाज कित्येक शतके टिकला, कारण गावोगाव त्याची घरे होती. घरात शनिवार होता, सुंता होती, बिरडे होते. नंतर मशिदी झाल्या, चांगल्या दगडी, सागवानी. आणि त्या झाल्यावर शंभर-सव्वाशे वर्षांत घरेच उठून गेली. म्हणून निव्वळ इमारत जपून हा इतिहास जपला असे होणार नाही. इमारत जपायला हवीच. छप्पर गळू नये, लाकडाला वाळवी लागू नये, हे पाहायलाच हवे. पण पुतळ्यासारखी इमारत उभी राहिली आणि तिथे कोण यायचे हे गावात कुणालाच सांगता आले नाही, तर काय उपयोग?

जी माणसे उरली आहेत ती आपला धर्म पाळतीलच, ते त्यांचे काम. आपल्याकडे, म्हणजे बाकीच्या मराठी माणसांकडे, एक छोटे काम उरते. हा परक्यांचा इतिहास नाही, आपलाच आहे, एवढे ध्यानात ठेवायचे. रायगडातल्या शाळेत मुलांना आपल्या गावाची माहिती लिहायला सांगतात, त्यात इस्राएल आळी यायला हवी. जुन्या घरांत कुणाकडे हस्तलिखित कीर्तन असेल, हग्गादा असेल, लग्नाची मराठी-हिब्रू पत्रिका असेल, ती रद्दीत जाता कामा नये. आणि आज्या-पणज्यांच्या आठवणीत शेजारच्या तेल्याचा घाणा असेल, तर ते विचारून लिहून ठेवायला हवे, त्या आहेत तोवर.

इस्राएल आळीतून मी बाहेर पडलो तेव्हा दुपार झाली होती. कोपऱ्यावरच्या दुकानात सहज विचारले, इथे प्रार्थना कधी असते? दुकानदार मुसलमान की हिंदू, मी विचारले नाही. त्याने हातातले काम न थांबवता सांगितले की शनिवारी या, माणसे जमली तर असते. मशिदीतली दहा माणसे कोणती, कोण आजारी आहे, कोण मुंबईला मुलाकडे गेले आहे, हे सगळे त्याला ठाऊक होते.